संसार आणि सेवा: रॉबर्ट आणि मेरी मोफाट यांची कुरुमानमधली पन्नास वर्षं



आज आपण एका जोडप्याबद्दल बोलणार आहोत. नवरा मूळचा स्कॉटलंडचा माळी. बायको इंग्लंडमधल्या एका रोपवाटिकेच्या मालकाची मुलगी. दोघांचंही जन्मसाल १७९५. लग्न झालं केप टाऊनला, २७ डिसेंबर १८१९ रोजी. त्यानंतरचं जवळजवळ सगळं आयुष्य त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या आतल्या कोरड्या मुलखात, कालाहारी वाळवंटाच्या कडेला, कुरुमान नावाच्या ठिकाणी घालवलं. १८७० साली ते कायमचे मायदेशी निघाले, तेव्हा दोघंही पंच्याहत्तरीच्या घरात आले होते. मधल्या पन्नास वर्षांत ते एकदाच घरी जाऊन आले.

नावं रॉबर्ट मोफाट आणि मेरी मोफाट. आपल्याकडे ही नावं फारशी कुणाला ठाऊक नसतात. त्यांच्या जावयाचं नाव मात्र शाळेत प्रत्येकाने ऐकलेलं असतं: डेव्हिड लिव्हिंगस्टन.

मिशनरी चांगले की वाईट, असा निकाल लावायला मी इथे उभा नाही. मला पाहायचं आहे ते वेगळंच. ‘आयुष्यभराची सेवा’ हे आपण सहज बोलून जातो. पण ती सेवा रोजच्या रोज नेमकी कशाची बनलेली असते? त्यात नवऱ्याचं काम कुठे संपतं आणि बायकोचं कुठे सुरू होतं? आणि तिची किंमत कोण कोण देतं? मोफाट जोडप्याबद्दल हे प्रश्न विचारता येतात, कारण दोघांनीही भरपूर पत्रं लिहिली आणि ती जपली गेली. आपण लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेली माणसं आहोत. एखाद्या मोठ्या धर्मकार्याची गोष्ट घरातल्या बाईने सांगितली की ती कशी वेगळी दिसते, हे मराठी वाचकाला निराळं सांगायला नको.

माळी आणि रोपवाटिका

रॉबर्टचा जन्म एडिंबरोजवळच्या ऑर्मिस्टन गावचा. घर गरीब, शिक्षण जेमतेम. चौदाव्या वर्षी तो माळीकामाला लागला. पुढे कामासाठी इंग्लंडमध्ये चेशायर भागात आला. तिथे एका मिशनरी सभेची जाहिरात पाहून त्याच्या मनाने घेतलं की आपणही जायचं. मँचेस्टरचे धर्मगुरू विल्यम रोबी यांनी त्याला हाताशी धरलं आणि शिकवता यावं म्हणून जवळच डुकिनफिल्डच्या एका रोपवाटिकेत कामाला लावून दिलं. तिचे मालक जेम्स स्मिथ, आणि त्यांची मुलगी मेरी.

मेरी रॉबर्टपेक्षा जास्त शिकलेली होती. मोराव्हियन पंथाच्या शाळेत तिचं शिक्षण झालं होतं. मिशनकार्याची ओढही तिला रॉबर्ट भेटण्याच्या आधीपासून होती, हे ध्यानात ठेवा. ती नवऱ्यामागे फरफटत गेलेली बाई नव्हती. पण आईवडिलांनी साफ नकार दिला. आफ्रिकेला गेलेलं माणूस परत येतंच असं नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

लंडन मिशनरी सोसायटीने रॉबर्टला १८१६ मध्ये दीक्षा दिली आणि तो एकटाच निघाला. केप टाऊनला पोचल्यावर वसाहतीच्या गव्हर्नरने त्याला सीमेपलीकडे जायची परवानगीच दिली नाही. तो काळ त्याने डच भाषा शिकण्यात घालवला. मग त्याला नामाक्वालँडमध्ये यागर आफ्रिकानेर या सरदाराकडे पाठवण्यात आलं. हा एके काळी वसाहतीचा दरोडेखोर शत्रू. त्याच्या डोक्यावर सरकारने बक्षीस लावलेलं होतं. १८१९ मध्ये मोफाट त्याच माणसाला घेऊन केप टाऊनला आला, तेव्हा लोकांचा डोळ्यांवर विश्वास बसेना. गव्हर्नरने शेवटी आफ्रिकानेरला एक बैलांची वॅगन भेट दिली.

इकडे अडीच वर्षांनी मेरीच्या आईवडिलांनी हार मानली आणि होकार दिला. ती एकटी जहाजाने केप टाऊनला आली. तिथे लग्न झालं आणि नवं वर्ष उजाडताच दोघं बैलांच्या वॅगनीतून उत्तरेकडे निघाले.

पाण्याचं गाव, पाण्याचं भांडण

कुरुमान आज दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्दर्न केप प्रांतात आहे. कोरड्या प्रदेशात हे गाव का वसलं, याचं उत्तर एका झऱ्यात आहे. जमिनीखालच्या चुनखडकातून तिथे रोज सुमारे दोन कोटी लिटर पाणी वर येतं, आणि ते दुष्काळातही आटत नाही.

तिथले लोक म्हणजे त्स्वाना समाजातले बात्लापिंग, आणि त्यांचा प्रमुख मोथिबी. रॉबर्ट हॅमिल्टन नावाचा एक मिशनरी आधीपासून तिथे होता आणि हाताने राबून काम करत होता. मोफाट जोडपं मधले काही महिने ग्रिक्वाटाऊनला राहून १८२१ मध्ये इथे स्थिरावलं.

आता बघा, दोघंही रोपवाटिकेतून आलेले. त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल? पाट खणला. नदीचं पाणी पाटाने आणून भाजीपाला लावला. हे अवजार हातात धरणारं काम रॉबर्टला उपदेशापेक्षा सोपं जात असणार. पण भांडणही तिथेच सुरू झालं. गावातल्या बायका वरच्या अंगाला बांध फोडून पाणी दुसरीकडे वळवायच्या, आणि मिशनची भाजी उन्हात करपून जायची. वर शेळ्यामेंढ्या बागेत शिरायच्या, हत्यारं चोरीला जायची. मोफाटच्या लिखाणात या तक्रारी पानोपानी आहेत.

आपण जरा त्या बायकांच्या बाजूने पाहू या. पाणी त्यांचं. शेती हे बायकांचंच काम, कारण त्स्वाना समाजात गुरं पुरुषांकडे आणि शेत बायकांकडे असायचं. कुठून तरी दोन गोरी माणसं आली, पाणी वळवून आपली बाग फुलवू लागली. आपल्याकडे बारीवरून सख्ख्या भावांत कोर्टकचेरी होते, मग तिथे बांध फुटला यात नवल काय?

पुढे दुष्काळ पडला. पाऊस पाडणारा तज्ज्ञ दुरून बोलावण्यात आला. मिशनरी लोकांचा त्याच्या विद्येवर विश्वास नव्हता आणि तसं ते उघड बोलतही होते. पाऊस आला नाही, तेव्हा दोष मिशनकडे गेला: हे लोक आकाशाकडे पाहून गुडघे टेकतात, घंटा वाजवतात, म्हणून ढग पळतात. एके दिवशी एक सरदार भाला हातात घेऊन माणसांसह आला आणि त्याने मोफाट कुटुंबाला निघून जायला सांगितलं. मोफाटने हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. तो छाती उघडी करून म्हणाला, की हवं तर मारा, पण आम्ही जाणार नाही. आणि मेरी? मेरी तान्हं मूल कडेवर घेऊन झोपडीच्या दारात उभी होती.

मिशनरी साहित्यात हा प्रसंग शंभर वेळा छापला गेला, आणि चित्रात मधोमध असतो तो उघड्या छातीचा रॉबर्ट. मला मात्र दारातली मेरी महत्त्वाची वाटते. सरदाराला ‘हे लोक जाणार नाहीत’ हे कशावरून पटलं असेल? एकटा पुरुष आज आहे, उद्या नाही. व्यापारी, शिकारी असे कित्येक येऊन गेले होते. पण ज्याने चूल मांडली आहे, ज्याच्या घरात मूल रांगतं आहे, तो जात नाही. बोलून जे पटलं नसतं ते संसार पाहून पटलं.

शेणाने सारवलेली जमीन

त्या काळात सोसायटीच्या दप्तरी मिशनरी म्हणून नेमणूक व्हायची ती पुरुषाची. बायको त्याच्यासोबत ‘असायची’. या असण्यात काय काय यायचं? साबण घरी करायचा, मेणबत्त्या घरी ओतायच्या, कपडे शिवायचे. मुलींना शिवण शिकवायचं. आजारी माणसाला औषध द्यायचं. दर थोड्या दिवसांनी कुणी प्रवासी, कुणी शिकारी, कुणी नवा मिशनरी दारात उभा राहायचा, त्याला जेवू घालायचं. रॉबर्ट महिनोन्महिने प्रवासाला गेला की सगळा गाडा एकटीने ओढायचा.

मेरीच्या एका पत्रातला मजकूर मला मराठी श्रोत्यांना आवर्जून सांगावासा वाटतो. ती घरच्यांना कळवते, की तुम्हाला नवल वाटेल, पण आम्ही आठवड्यातून निदान एकदा खोल्यांची जमीन शेणाने सारवतो. सुरुवातीला हा प्रकार टाळून बघितला, पण धूळ आणि पिसवांनी जीव नको केला. आता मात्र शनिवारी हिरवंगार सारवण पाहून बरं वाटतं, आणि ताजं शेण नीट मिळालं तर आनंद होतो. मँचेस्टरजवळच्या शाळेत शिकलेली मुलगी ही! आपल्या आज्यांना यात काही नवल वाटलं नसतं. पण त्या काळच्या इंग्लिश वाचकाला हे धक्कादायक होतं.

आता या पत्राकडे नीट पाहा. मोफाट जोडपं त्स्वाना लोकांना ‘सुधारायला’ गेलं होतं. चौकोनी घर, शिवलेले कपडे, नांगर, रविवारची सुटी हे सगळं त्यांना बायबलइतकंच आवश्यक वाटत होतं. आणि तिथे गेल्यावर सुधारणा कुणाची झाली? जमीन कशी राखायची हे मेरी तिथे जाऊन शिकली. देवघेव दोन्ही बाजूंनी होत होती, पण एकाच बाजूची पुस्तकात गेली.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जॉन आणि जीन कोमारॉफ या मानववंशशास्त्रज्ञ दांपत्याने त्स्वाना समाजातल्या मिशनकार्यावर मोठा अभ्यास केला आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की वसाहतवाद सैन्याच्या आधी कपड्यांतून, नांगरातून, घड्याळातून घरात शिरला. माणसं ख्रिस्ती झाली की नाही हा प्रश्न वेगळा, पण त्यांचं रोजचं जगणं बदललं. नांगर ओढायला बैल लागतात, आणि बैल पुरुषांचे. त्यामुळे शेती बायकांच्या हातून पुरुषांकडे सरकली. मेरीचा शिवणवर्ग आणि रॉबर्टचा नांगर यांना एवढं लांबचं टोक होतं. ते त्या दोघांना दिसत होतं, असं मला वाटत नाही.

नऊ वर्षं आणि एक मागणी

१८२० ते १८२९ या काळात कुरुमानला सांगण्यासारखं यश मिळालं नाही. नऊ वर्षं! इंग्लंडमधून वर्गणी देणारे लोक विचारू लागले होते.

याच काळातली एक गोष्ट मोफाटच्या मुलाने, जॉन स्मिथ मोफाटने, आईवडिलांच्या चरित्रात सांगितली आहे. इंग्लंडमधल्या एका मैत्रिणीने मेरीला विचारलं, तुला काय पाठवू? मेरीने मागितली प्रभुभोजनाची भांडी. म्हणजे चर्चमध्ये भाकरी आणि द्राक्षरस वाटण्यासाठी लागतात ती. गावात तेव्हा ती भांडी ज्यांच्यासाठी लागतील असा बाप्तिस्मा घेतलेला माणूस नव्हता. एक दिवस लागतील, असं तिने कळवलं. सामान जहाजाने, मग वॅगनीने यायचं. त्याला काळ-वेळ नसे. १८२९ मध्ये पहिल्या सहा जणांचा बाप्तिस्मा झाला, आणि भांडी नेमकी त्याच सुमारास येऊन पोचली.

श्रद्धावंत यात देवाची योजना पाहतात. ज्याला तसं पाहायचं नसेल त्याने एवढं पाहावं: निराशेच्या काळात रॉबर्टची पत्रं खचलेली आहेत, आणि तेव्हा पुढचं सामान मागवणारी माणूस मेरी होती.

भाषेचा प्रश्न

हे यश उशिरा का आलं, याचं एक साधं कारण भाषा. पहिली कित्येक वर्षं रॉबर्ट डचमध्ये बोलायचा आणि दुभाष्या ते सेत्स्वानामध्ये सांगायचा. दुभाष्या काय सांगतोय हे कळायला मार्ग नव्हता. मोफाटनेच नोंदवलेली गंमत आहे: आत्म्याचं तारण ही मोठी महत्त्वाची बाब आहे, असं वाक्य होतं. डच भाषेत ‘बाब’ आणि ‘पिशवी’ हे शब्द उच्चाराने अगदी जवळचे. लोकांना सांगितलं गेलं, की आत्म्याचं तारण ही एक फार मोठी पिशवी आहे!

अखेर १८२७ मध्ये त्याने बाडबिस्तरा उचलला आणि दोन-अडीच महिने बारोलोंग लोकांच्या वस्तीत जाऊन राहिला. डच नाही, इंग्रजी नाही, कानावर पडेल ती सेत्स्वाना. परत आल्यावर तो दुभाष्याशिवाय बोलू लागला. आणि ते महिने मिशन, मुलं आणि घर कुणी सांभाळलं, हे मी सांगायला नको.

मग भाषांतर. लूकचं शुभवर्तमान १८३० मध्ये तयार झालं आणि केप टाऊनला छापून झालं. छपाई शिकून, हातछापखाना वॅगनीत घालून १८३१ मध्ये त्याने कुरुमानला आणला. नवा करार १८४० मध्ये लंडनला छापला, त्यांच्या त्या एकुलत्या एक मायदेशच्या वारीत. संपूर्ण बायबल पूर्ण झालं १८५७ मध्ये. म्हणजे सुरुवातीपासून धरलं तर तीस वर्षांचं काम, आणि करणारा माणूस जेमतेम शाळा शिकलेला माळी.

आपल्या भाषेचा अनुभव इथे तुलनेला घेता येतो. विल्यम केरीने श्रीरामपूरहून मराठीतलं मत्तयाचं शुभवर्तमान आणि मराठीचं व्याकरण १८०५ मध्ये काढलं, १८१० मध्ये कोश काढला. पण केरीच्या शेजारी वैजनाथ पंडित बसलेले होते. मराठीला लिपी होती, शतकांचं वाङ्मय होतं, शब्द अडला तर विचारायला पंडित होता. मोफाटपुढे यातलं काही नव्हतं. सेत्स्वाना तोवर लिहिली जात नव्हती. ज्यांच्याशी बोलून बोलून त्याने शब्द जमवले, त्या माणसांची नावं मुखपृष्ठावर आली नाहीत.

आणि शब्द निवडताना घोटाळेही झाले. त्यातला एक फार खोलवर गेला. सेत्स्वानामध्ये ‘मोदिमो’ म्हणजे परमेश्वर. तो शब्द मोफाटने देवासाठी घेतला. त्याच कुळातला दुसरा शब्द आहे ‘बादिमो’. बादिमो म्हणजे पूर्वज, आपण ज्यांना पितर म्हणतो ते. घरादारावर लक्ष ठेवणारे, अडचणीत ज्यांना साकडं घालायचं ते. नव्या करारात जिथे जिथे भुतं आणि सैतानी आत्मे येतात तिथे मोफाटने हा शब्द वापरला. कल्पना करा, मराठी पुस्तकात ‘भूत’ या अर्थी कुणी सगळीकडे ‘पितर’ छापलं, आणि येशू लोकांच्या अंगातून पितर हाकलून देतो असं पोरं शाळेत वाचायला शिकली, तर काय होईल? बोत्सवानाच्या बायबल-अभ्यासक मूसा दुबे यांनी या भाषांतरावर नेमकं हेच बोट ठेवलं. स्वतःच्या भाषेत वाचताना आपल्याच पूर्वजांना सैतान म्हणायची वेळ त्स्वाना वाचकावर आली, असं त्या दाखवून देतात.

मोफाटचा हेतू वाईट होता, असं कुणी म्हणत नाही. पण आयुष्यभराचं कष्टाचं काम असलं म्हणजे ते निर्दोष असतं, असंही नाही.

आणि भाषा काही मिशनऱ्याच्या मुठीत राहिली नाही. एकदा लिहायला लागल्यावर लोकांनी ती आपली केली. सोल प्लाटजे हा मोठा त्स्वाना लेखक आणि राजकीय नेता. १९३० मध्ये शेक्सपियरच्या ‘कॉमेडी ऑफ एरर्स’चं सेत्स्वाना भाषांतर त्याने छापलं, आणि प्रत्येक मिशन आपापलं वेगळं शुद्धलेखन लादतं म्हणून तो भांडलाही. छापखान्याने दिलेलं हत्यार त्याने छापखानेवाल्यांवरच परतवलं.

मैत्रीची पुढची पिढी

आता राजकारणाकडे येऊ. १८२९ मध्ये एंडेबेले लोकांचा राजा म्झिलिकाझी याने आपले दोन दूत कुरुमानला पाठवले. त्यांना परत सुखरूप पोचवायला मोफाट स्वतः गेला. म्झिलिकाझी म्हणजे त्या काळी सगळा मुलूख ज्याला थरथर कापत होता असा लढवय्या राजा. त्याचं आणि या माळ्याचं विलक्षण जमलं. मोफाट त्याला एकूण पाच वेळा भेटला, शेवटची भेट १८५९-६० मधली. त्या वेळी त्याच्या राज्यात, आजच्या झिंबाब्वेमधल्या इन्याती इथे, मिशनला जागा मिळाली. राजा स्वतः कधी ख्रिस्ती झाला नाही. तरी मैत्री तीस वर्षं टिकली.

पण मैत्री वारशाने मिळते तेव्हा तिचं काय होतं? मोफाटचा मुलगा जॉन इन्यातीला मिशनरी म्हणून राहिला आणि पुढे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत गेला. म्झिलिकाझीनंतर त्याचा मुलगा लोबेन्गुला गादीवर होता. फेब्रुवारी १८८८ मध्ये जॉनने त्याच्याकडून एका करारावर संमती मिळवली: ब्रिटिशांच्या मंजुरीशिवाय इतर कुणाशी जमिनीचा व्यवहार करायचा नाही. इतिहासात त्याला ‘मोफाट करार’च म्हणतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सेसिल ऱ्होड्सच्या माणसांनी खाणींचे हक्क लिहून घेतले आणि १८९३ मध्ये लोबेन्गुलाचं राज्य बुडालं. दोन बापांनी जोडलेल्या विश्वासाच्या आधारे दोन मुलांमध्ये तो करार झाला. रॉबर्ट तोवर वारला होता. तो असता तर काय म्हणाला असता, हे सांगता येत नाही. पण नाव त्याचंच वापरलं गेलं.

मुलांनी भरलेली किंमत

मेरीला दहा मुलं झाली. काही लहानपणीच गेली. मोठ्या मुलींना शिक्षणासाठी शेकडो मैल दूर, ग्रॅहम्सटाऊनजवळच्या शाळेत ठेवावं लागलं. ‘सेवा’ हा निर्णय आईबापांचा असतो. मुलांना कुणी विचारलेलं नसतं.

थोरली मुलगी, तिचंही नाव मेरीच. आफ्रिकेत जन्मलेली, सेत्स्वाना अस्खलित बोलणारी. १८४१ मध्ये तरुण डॉक्टर लिव्हिंगस्टन कुरुमानला आला, आणि काही वर्षांनी मोफाटच्या बागेतल्या बदामाच्या झाडाखाली त्याने तिला मागणी घातली. जानेवारी १८४५ मध्ये लग्न झालं. पुढे लिव्हिंगस्टन बायकोमुलांना घेऊन कालाहारी ओलांडू लागला. १८५० च्या प्रवासानंतर जन्मलेली मुलगी काही आठवड्यांतच दगावली. पुढच्या वर्षी ती पुन्हा गरोदर असताना त्याने पुन्हा निघायचं ठरवलं, तेव्हा सासूबाईंनी जावयाला एक खरमरीत पत्र लिहिलं. एक मूल गमावलंत, बाकीची जेमतेम वाचली, आता पुन्हा गरोदर बाईला आणि लेकरांना त्या रानात नेणार? हे क्रूर आहे, आणि लोकलाजेलाही सोडून आहे, असा त्या पत्राचा सूर आहे. लिव्हिंगस्टन गेलाच. आणि ते पत्र त्याने आपल्या रोजनिशीत उतरवूनही ठेवलं!

तीस वर्षं स्वतः सगळं सोसलेल्या बाईने हे लिहिलं, म्हणून मला ते मोलाचं वाटतं. त्यागाला मर्यादा असते, आणि ती मर्यादा ज्याने त्याग केला आहे तोच ओळखू शकतो. १८५२ मध्ये लिव्हिंगस्टनने कुटुंबाला ब्रिटनला पाठवलं. तिथे मुलीचे हाल झाले. अखेर ती नवऱ्याकडे झांबेझीवर परतली आणि एप्रिल १८६२ मध्ये तापाने वारली, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. त्याच वर्षी मोफाटांचा मुलगा रॉबर्टही गेला.

नाशिकचा पोरगा

आता आपल्या मुलखाशी जुळणारा एक धागा. लिव्हिंगस्टन १८७३ मध्ये आजच्या झांबियात वारला. त्याचं शव किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत याकोब वेनराइट नावाचा तरुण होता. तो मूळचा आफ्रिकेतला, याओ जमातीचा. गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या तावडीतून सुटून तो आपल्याकडे नाशिकला चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रयाला आला आणि तिथेच शिकला. नाशिकमधला शरणपूर रस्ता आपल्याला माहीत आहे. ज्या शरणपूरचं ते नाव, तिथलीच ही वस्ती. लिव्हिंगस्टनच्या दफनाची प्रार्थना आफ्रिकेत यानेच वाचली. शवासोबत तो इंग्लंडपर्यंत गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटीला हात लावणाऱ्या मानकऱ्यांमध्ये होता.

त्या दिवशी तिथे अठ्ठ्याहत्तर वर्षांचा रॉबर्ट मोफाटही होता. त्याच्यासोबत मेरी नव्हती. १८७० मध्ये दोघं कुरुमान सोडून आले आणि जानेवारी १८७१ मध्ये, सहा महिन्यांच्या आतच, ती गेली. ज्या देशात जन्मली त्या देशाची हवा तिला मानवली नाही. रॉबर्ट १८८३ पर्यंत जगला, सभांमधून बोलला, सन्मान मिळवले.

शेवटी हिशेब

तर मग, सुरुवातीच्या प्रश्नांकडे येऊ. आयुष्यभराची सेवा कशाची बनलेली होती? पाट, भाजी, साबण, शेण, शिवण, व्याकरण, छपाई, पाहुणे, पत्रं, आणि मुलांची थडगी. यातलं भाषांतर वेगळं काढून त्याला ‘कार्य’ म्हणायचं आणि उरलेल्याला ‘घरकाम’ म्हणायचं, ही आपली सवय आहे. पण एक नसतं तर दुसरं झालं नसतं. तीस वर्षं टेबलाशी बसायला माणसाला कुणीतरी जेवू घालावं लागतं.

जमेच्या बाजूला एक लिहिली-वाचली जाणारी भाषा आहे, एका भयंकर समजल्या गेलेल्या राजाशी तीस वर्षं टिकलेली मैत्री आहे, आणि कुरुमानचं ते दगडी, गवताने शाकारलेलं, १८३८ मध्ये उघडलेलं चर्च आहे, जे आजही उभं आहे. खर्चाच्या बाजूला भूत ठरवले गेलेले पितर आहेत, बायकांच्या हातून गेलेली शेती आहे, लोबेन्गुलाचं राज्य आहे, आणि झांबेझीच्या काठावर पुरलेली मुलगी आहे. या दोन बाजूंची वजाबाकी करून एक आकडा काढता येईल, असं मला वाटत नाही. खर्चाचा मोठा भाग ज्यांनी भरला त्यांनी तो मागितलेला नव्हता, एवढं मात्र नक्की म्हणता येतं. कोणत्याही धर्माची, कोणत्याही विचाराची माणसं ‘आयुष्य वाहून घेतो’ म्हणतात, तेव्हा त्यांच्या घरात कोण कोण आहे आणि ज्यांच्या गावात ते जातात तिथे पाणी कुणाचं आहे, हे विचारायची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

मी इथे थांबतो.  आता प्रश्न घेऊ या.